५१२ एमबीचा कोठारी

जुनं मशीन फाइल सर्व्हर म्हणून उभं करायचं म्हटलं की गिऱ्हाईक आधी रॅम वाढवायला सांगतं. मी सहसा नाही म्हणतो. मागेल त्याला डिस्कवरची फाइल काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. हा कोठारी आहे, आचारी नव्हे.

एका छापखान्यात ५१२ एमबीचा पेंटियम ४ माळ्यावर धूळ खात होता आणि खाली लग्नपत्रिका पेन ड्राइव्हवरून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होत्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी'. यातली कुठली छापायची, यावर रोज कुरबुर.

ब्लोअर मारला, बायोसचा सीआर २०३२ सेल बदलला. मग दोन सेटिंग, जी बहुतेक जण विसरतात: कीबोर्ड नसला तरी अडायचं नाही, आणि लाइट आली की आपणहून चालू व्हायचं. डेबियन १२ लिनक्स टाकताना डेस्कटॉपपुढची खूण काढली. निम्मी लढाई तिथेच संपते. (डेबियन १३ आता ३२ बिटच्या मशीनवर नव्याने टाकता येत नाही.) वर सांबा, म्हणजे विंडोजच्या मशीनना नेटवर्कवरून फायली देणारं सॉफ्टवेअर. कॅनबेरात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलनं १९९२च्या सुमारास वायरीवरून जाणारी पॅकेट निरखून याची सुरुवात केली होती. सांबा ज्या एसएमबी भाषेत बोलतो, तिची पहिली आवृत्ती मात्र बंदच ठेवली. २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातूनच पसरला. एखाद्या एक्सपीवाल्या मशीनसाठी ते दार उघडायचं नाही.

थोड्या दिवसांनी मालकांच्या मुलाचा फोन. "काका, रॅम संपली! फ्री फक्त १४ एमबी दाखवतंय."

"शेवटचा रकाना वाच. अव्हेलेबल."

"तिथे साडेतीनशे आहे."

लिनक्स मोकळी रॅम मोकळी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली तिच्यात धरून ठेवतो, गरज पडली की जागा सोडतो. म्हणून सकाळची पत्रिका दुपारी डिस्कला हात न लावता मिळते. अडतं ते वायरीत: १०० एमबीपीएसच्या कार्डातून सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर काही जात नाही, रॅम दुप्पट केली तरी.

जुनं म्हणजे फुकट, हे मात्र मला पटत नाही. ८० वॅट खाणारं मशीन अहोरात्र चालवलं तर महिन्याला ५७-५८ युनिट होतात. म्हणून रात्री नऊला ते आपोआप बंद होतं. त्याआधी दिवसाची नक्कल यूएसबी डिस्कवर उतरते आणि ती डिस्क मालक घरी नेतात.