ओझ्याने आखलेल्या वाटा

डोंगराळ मुलखात धावण्याचा मार्ग आखावयाचा म्हणजे नकाशावर अंतर मोजून दोन टोके सांधावयाची, असा समज शहरी धावपटूंत दृढ झालेला आहे; परंतु धावपटू तयार करण्याचे आणि त्यांच्यासाठी मार्ग शोधण्याचे काम मालवण तालुक्याच्या घाट्यांत आणि पाणंदींत आयुष्यभर करीत आल्यावर माझे मत असे बनले आहे की, चढउताराच्या भूमीत उत्तम मार्ग नव्याने आखावा लागत नाही; तो पूर्वीच आखलेला असतो, आणि ज्यांनी तो आखला त्यांच्या डोक्यावर ओझे होते.

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा आधुनिक इतिहास ज्या रस्त्यावर सुरू झाला तो रस्तादेखील याचीच साक्ष देतो. ग्रीस देशातील मॅरेथॉन गावाहून अथेन्सला जाणारा हा मार्ग मेसोगिया नावाच्या टेकड्यांच्या टापूतून जातो, आणि हा टापू प्राचीन काळापासून द्राक्षमळ्यांसाठी व मद्यासाठी ख्यात आहे. समुद्रकाठच्या सपाटीवरून निघालेली वाट आज दहाव्या किलोमीटरच्या सुमारास चढणीला लागते आणि एकतिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरपर्यंत थोड्याफार उतारांचा विसावा देत चढतच राहते. १८९६ च्या एप्रिलमध्ये पहिल्या ऑलिंपिकची शर्यत येथे झाली तेव्हा अग्रभागी होते ते १५०० मीटरच्या शर्यतीत तिसरा आलेला फ्रान्सचा लेर्मुझिओ आणि ८०० व १५०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकलेला ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक; दोघेही आपल्या वेगाच्या बळावर पुढे गेले आणि दोघांनाही शर्यत अर्धवट सोडावी लागली. जिंकला तो मारूसी गावचा स्पिरिडॉन लुईस, ज्याचा व्यवसाय अथेन्सला पाणी वाहून नेण्याचा होता. सुमारे ४० किलोमीटरचे अंतर त्याने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत तोडले. ओझ्याच्या वाटेवर घडलेले शरीर चढणीचा हिशेब जाणते, एवढाच याचा अर्थ आहे, आणि तो आमच्या सिंधुदुर्गात पावलोपावली प्रत्ययास येतो.

आमच्याकडे द्राक्ष नाही. द्राक्षाची जागा काजूने घेतलेली आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड जांभ्याच्या निकस उतारावर असे रुजले की, फेब्रुवारी ते मे या काळात अवघा डोंगर बोंडूच्या उग्र-मधुर वासाने भरून जातो. सरहद्दीपलीकडे गोव्यात याच बोंडूचा रस आंबवून पहिल्या धारेचा हुर्राक आणि पुढे फेणी गाळतात, आणि गोव्याच्या काजू-फेणीस २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. आमच्या बाजूस बहुतांश बोंडू झाडाखालीच सुकतो. भूमीचे रूप मात्र भूमध्य सागराकाठच्या मद्यभूमीशी विलक्षण जुळते: समुद्राला लागून उभे राहिलेले डोंगर, मधून वाहणाऱ्या अरुंद नद्या, आणि चुनामातीवाचून दगडावर दगड रचून घातलेले बांध. तेथील अशा कोरड्या रचनेच्या कलेची युनेस्कोने २०१८ मध्ये वारसा म्हणून नोंद केली, आणि त्या नोंदीत इटली, ग्रीस, फ्रान्स, स्पेन आदी आठ देशांची नावे होती. आमचा गडगा त्याच कुळीचा आहे. दोन गडग्यांमधून जाणारी पाणंद हीच आमच्या धावपटूची खरी शाळा.

मालवण-कुडाळ रस्त्यावरील धामापूरचा परिसर मी या दृष्टीने सर्वश्रेष्ठ मानतो. १५३० मध्ये बांधला गेलेला, डोंगरांच्या कुशीत भगवती देवीच्या सान्निध्यात पसरलेला येथील तलाव २०२० मध्ये जागतिक सिंचन-वारशात समाविष्ट झाला. अशा मुलखातील एखादी जुनी घाटी मी नव्या विद्यार्थ्यास प्रथम चालत चढावयास लावतो आणि पायऱ्यांकडे पाहावयास सांगतो. जांभ्याच्या चिऱ्याची पायरी उंचीला थोडकी आणि रुंदीला ऐसपैस असते, कारण ती माशांची पाटी किंवा गवताचा भारा डोकीवर घेतलेल्या बाईच्या पावलासाठी बसविलेली आहे. चढ जेथे असह्य होऊ लागतो नेमक्या तेथेच वाट आडवी वळते. आणि वळणावरचा गडगा इतका उंच असतो की, कोणाच्या मदतीवाचून भार त्यावर टेकवता यावा. कोणत्याही स्थापत्यविशारदाने आलेख काढून ठरविले नसते इतके हे प्रमाण अचूक आहे.

या प्रमाणास शास्त्राचाही पाठिंबा आहे. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, शेकडा २० च्या उतरणीवर धावताना शरीराचा शक्तिव्यय सर्वांत कमी, म्हणजे सपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. त्याहून तीव्र उतारावर तो पुन्हा वाढू लागतो, आणि शेकडा ४५ च्या चढावर सपाटीच्या साडेपाचपट होतो. परंतु श्वास सुखावणारा उतार मांडीच्या स्नायूंना सुखावतोच असे नव्हे. उतरताना हे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून देहाचा भार रोखून धरतात, त्यांच्या तंतूंस सूक्ष्म इजा होते, आणि ठणका दुसऱ्या दिवशी उठतो. म्हणून चढणीवर घड्याळ न पाहता श्वास पाहावा, पाऊल आखूड ठेवावे, आणि चढ फार खडा झाल्यास निःसंकोच चालावे. उतरणीवर मात्र टाच रोवून अंग मागे रेलू नये, दृष्टी चारसहा पावले पुढे ठेवावी आणि पावलांची लय जलद करावी, असा माझा दंडक आहे.

ऋतूचा दंडक याहून कठोर आहे. मिरगाचा पाऊस पडल्यानंतर जांभ्यावर शेवाळ धरते आणि व्हाळ साकवाला टेकतात. तेव्हा घाटी वर्ज्य समजावी. भातकापणी आटोपून कुणगे मोकळे झाले की दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वोत्तम. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, पहाटेच जावे, कारण सूर्य वर आला की कातळ तापून पायांस व मस्तकास सारखाच दाह देतो; आणि कुडोपीसारख्या ठिकाणी, जेथे त्याच कातळावर प्राचीन चित्रे कोरलेली आहेत, तेथे धावणे सोडून काठाकाठाने चालावे. बोंडूच्या हंगामात बागांतून जाऊच नये. त्या दिवसांत घरचे सारे माणूस उजाडताच झाडाखाली बी वेचीत असते, आणि परक्याच्या पायाखाली चिरडलेला बोंडू हे त्यांच्या श्रमाचे नुकसान असते. एका वयोवृद्ध बागायतदारांनी मला परवानगी दिली ती या शब्दांत: "मास्तरांनू, जावा, पण बोंडवांच्या दिसांत नको." त्याहून न्याय्य नियम मला सुचलेला नाही.

या वाटांवर आज संकट आहे, आणि ते मला स्पष्टपणे मांडावयाचे आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या सुधारित जाती दिल्या, १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फलोद्यान योजनेने डोंगर लागवडीखाली आणले, आणि त्यामुळे कष्टाळू कुटुंबांस चार पैसे मिळाले, हे निःसंशय शुभ झाले. पण त्याच ओघात मोटाररस्ते घरापर्यंत पोहोचले, डोक्यावरचे ओझे उतरले, पाणंदींतली वर्दळ थांबली, आणि तारेच्या कुंपणांनी पुष्कळशा घाट्या गिळल्या. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता यांनी शेतकऱ्याच्या रस्त्याच्या हक्कास संरक्षण दिलेले आहे. परंतु कज्जा तहसील कचेरीत गेला म्हणजे पुराव्यादाखल विचारली जाते ती वहिवाट. ज्या वाटेवर कोणी चालतच नाही, तिच्या वहिवाटीची साक्ष कोण देणार?

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावून २ तास ५० मिनिटांत एकोणिसावा आलेला फडेप्पा चौगुले हा आंबोली घाटाच्या माथ्यापलीकडील बेळगावचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांनी त्या वर्षीचा संघ पाठविण्यात पुढाकार घेतला होता. तशी माणसे घडविणारे श्रम आता परत येणार नाहीत, आणि यावेत असेही मी म्हणणार नाही; पण त्या श्रमांनी सिद्ध केलेले मार्ग आपल्या हाती आहेत. गावोगावच्या ग्रामसभांनी जुन्या गावनकाशांवरून आपल्या पाणंदींची यादी करावी, मालकांच्या संमतीने त्या मोकळ्या कराव्यात, शाळेच्या मुलांना हिवाळ्यात तेथे धावावयास न्यावे, आणि ढासळलेला गडगा मुलांनी व मालकांनी मिळून पुन्हा रचावा. तालुक्याला दर्जेदार धावपटू हवे असतील तर मैदानासाठी अर्ज करण्याआधी हे काम हाती घ्यावे. त्याला निधीहून अधिक गरज पावलांची आहे.