चाकांवरच्या घराची पायरी

जून महिन्यात इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये पहाटे साडेचारलाच उजाडते. केसविक गावालगतच्या डरवेंटवॉटर तलावाचे पाणी तेव्हा पाटीसारखे करडे असते आणि पलीकडची कॅटबेल्स टेकडी त्यात उलटी उभी असते. तिची उंची अवघी ४५१ मीटर, आपल्या सिंहगडापुढे ती लहानच.

माझी थोरली बहीण आणि भावोजी गेली अनेक वर्षे येथे मोटारहोम घेऊन येतात. मोटारहोम म्हणजे शय्या, ओटा आणि न्हाणीघर असलेली चाकांवरची खोली. ताईला चार वर्षांपूर्वी कंपवाताचे निदान झाले. त्यांच्या पंधरा वर्षांच्या गाडीत झोपण्याची जागा चालकाच्या डोक्यावर असून तेथे शिडीने चढावे लागे. गेल्या शरदात ताई दाराच्या पायरीवरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. मुले म्हणाली, गाडी विका. भावोजी म्हणाले, नवी घेऊ. ताई मला फोनवर एवढेच म्हणाली, "तू ये आणि बघून सांग. तू नको म्हणालास तर मी हट्ट धरणार नाही."

हे ओझे मला नको होते, तरीही गेलो.

विक्रेत्याच्या आवारात पांढऱ्या गाड्यांच्या रांगा होत्या. चार वर्षांच्या एका गाडीत कातडी आसने, मोठा टीव्ही आणि छतात निळे दिवे पाहून भावोजी दहा वर्षांनी तरुण झाले. इंजिनातले मला काही कळत नाही. पण चेहऱ्याच्या तजेल्यावरून प्रकृती ठरवू नये, हे तीस वर्षांत शिकलो आहे. आम्ही बरोबर एक स्वतंत्र तपासनीस नेला होता. अशा अनेक गाड्यांच्या भिंतींत लाकडी चौकट असते. सांध्यातून पाणी झिरपले की लाकूड आतल्या आत कुजते, वरचा कागद मात्र गुळगुळीत राहतो. त्याने ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला लावले. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, २० च्या पुढे कारण शोधावे लागते. मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात आकडा २८ आला. "श्वासाची वाफ असते हो," विक्रेता म्हणाला. वाफ एकाच कोपऱ्यात बरी जमते!

दुसरी अडचण वजनाची होती. ती गाडी ३,५०० किलोंहून जड होती. १९९७ पूर्वी ब्रिटनमध्ये मोटारीचा परवाना मिळालेल्यांना अशी जड गाडी चालवता येते. पण सत्तराव्या वर्षी तो हक्क टिकवायचा तर डॉक्टरकडून तपासणीचा अर्ज भरून घ्यावा लागतो. भावोजी एकोणसत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी आशेने माझ्याकडे पाहिले. माझी सही तेथे चालत नाही, हे सांगताना मला थोडे हायसेच वाटले.

मग मी माझी तपासणी सुरू केली. साधने दोन: मोजपट्टी आणि ताई. तिला प्रत्येक गाडीत तीन वेळा चढ-उतार करायला लावली. पहिल्यांदा सगळेच उत्साहाने चढतात, खरे तिसऱ्यांदा कळते. कंपवातात अरुंद दारापाशी आणि वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, म्हणून शय्येपासून न्हाणीघरापर्यंतची वाट सरळ हवी. रात्री उठताना रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. म्हणून कडेला पाय सोडून क्षणभर बसता येईल अशी शय्या हवी आणि तेथून हाताला लागेल अशी दांडी. भिंतीकडेच्या शय्येवर आत झोपणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. निळ्या दिव्यांच्या गाडीत शय्या तशीच होती. आपल्याकडेही आता भाड्याने कॅराव्हॅन मिळतात. आईवडिलांना नेण्यापूर्वी एवढे अवश्य पाहावे.

अखेर सहा वर्षांची, तपकिरी कपाटांची, दिसायला अगदीच सामान्य गाडी ठरली. ओलीचे आकडे १२ च्या आसपास, शय्या मध्यभागी, दोन्ही बाजूंनी वाट आणि वजन ३,५०० किलोंच्या आत. टायरवरचे चार आकडे मात्र जुने निघाले. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कोरी दिसत असली तरी रबर वयाने कडक होते. चारही टायर बदलून देण्याच्या अटीवरच भावोजींनी पैसे दिले. घासाघीस करताना त्यांच्यातला दादरकर जागा झाला. दाराशी बाहेरून ठेवायची एक रुंद पायरी आणि आत दोन दांड्या आम्ही वेगळ्या बसवून घेतल्या.

केसविकच्या पहिल्या रात्री मी शेजारी छोट्या तंबूत झोपलो होतो. खरे तर जागाच होतो. दोनच्या सुमारास गाडीत दिवा लागला. भावोजींचे घोरणे चालूच होते. पावलांचा आवाज, थोडा थांबा, न्हाणीघराचे दार, पुन्हा पावले. दिवा मालवला.

सकाळी चहा देताना ताईने विचारले, "रात्री झोप लागली का रे?"

"लागली," मी म्हणालो.