मधल्या पट्ट्यातले शब्द

बेंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नॉर्मन लुइस यांच्या 'वर्ड पॉवर मेड ईझी'ला अजून मागणी आहे. पुस्तक १९४९ सालचं, अमेरिकेत निघालेलं. बेळगाव, सोलापूर, लातूरकडून नोकरीसाठी इथे आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या पाठीवरच्या सॅकमध्ये बहुधा ते असतं. नाहीतर मोबाइलमध्ये जीआरई या परीक्षेच्या शब्दांची लांबलचक यादी असते. 'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. 'रिलक्टंट' मात्र वाक्यात घालायला ती बिचकतात.

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणं हा माझा व्यवसाय, आणि शब्दसंपत्ती हा त्यातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. या मुलांचं इंग्रजी कच्चं आहे असं मला कधीच वाटलं नाही. रोजचे शब्द त्यांच्याकडे असतात, आणि परीक्षेपुरते गोळा केलेले दुर्मीळ शब्दही असतात. या दोन्हींच्या मधला मोठा पट्टा रिकामा राहिलेला असतो, आणि इंग्रजीवर खरी पकड येते ती तिथूनच.

हे अंदाजाने बोलत नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं, म्हणून सर्वांत जास्त वापरले जाणारे शब्द आधी शिकवावेत, हा विचार त्यांनी आपल्या उपखंडातल्या वर्गांत रुजवला. पुढे १९५३ साली त्यांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' निघाली. तिच्यात सुमारे दोन हजार शब्द आहेत. कोणत्याही साध्या मजकुराचा ऐंशी टक्के किंवा थोडा अधिक भाग एवढ्यातच येतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली पुढचा हिशेब मांडला. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची, तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात. शब्दकुल म्हणजे 'नेशन'सोबत 'नॅशनल', 'नॅशनॅलिटी' अशी सगळी भावंडं एकात धरायची. अठ्ठ्याण्णव टक्के ही फार कडक अट वाटेल, पण तिचा अर्थ एवढाच, की पन्नास शब्दांमागे एक अनोळखी. त्याहून जास्त अडलं की वाचणारा पुस्तक मिटतो.

तीन हजारांपासून नऊ हजारांपर्यंतच्या या पट्ट्याकडे शिकवणाऱ्यांचं लक्षच जात नाही, असं नॉर्बर्ट आणि डायन श्मिट यांनी नंतर सविस्तर दाखवलं. 'प्लॉझिबल', 'अंडरमाइन', 'हिंडर', 'स्कँटी', 'कर्टेल' हे त्या पट्ट्यातले रहिवासी. शाळेच्या पुस्तकात ते फारसे भेटत नाहीत, कारण तिथे सोपं हवं असतं. परीक्षेच्या यादीत ते अर्धेच येतात, कारण तिथे अवघड हवं असतं.

मग ते यावेत कसे? उत्तराची एक बाजू बेंगळुरूतच सापडते. ज्ञानभारती परिसरात दक्षिण भारतासाठीची प्रादेशिक इंग्रजी संस्था १९६३ पासून शिक्षकांना घडवते आहे. या शहराचं नाव इंग्रजी अध्यापनाच्या जगात गेलं ते एन. एस. प्रभू यांच्या प्रयोगामुळे. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या मोजक्या शाळांत हा 'बेंगलोर प्रोजेक्ट' चालला. वर्गात व्याकरणाचे नियम सांगायचे नाहीत. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टी देऊन मुलांपुढे एखादा प्रश्न ठेवायचा आणि तो सोडवताना भाषा आपोआप कामाला लागू द्यायची. मन अर्थामध्ये गुंतलेलं असताना भाषेची घडण नकळत आत उतरते, हा त्यांचा विश्वास. १९८७ साली त्यांनी तो 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' या पुस्तकात मांडला. त्यावर वाद झाले, मूल्यमापनं झाली. प्रभूंचा रोख व्याकरणावर होता, तरी शब्दांच्या बाबतीतही त्यांचा हा विश्वास मला पुष्कळ खरा वाटतो.

याचा एक अनुभव सांगते. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पाण्याची भीषण टंचाई होती. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली किंवा बागेला पाणी घातलं, तर पाच हजार रुपये दंड असा हुकूम पाणीपुरवठा मंडळाने काढला होता. टँकर कुठून मागवायचा यावरून इमारतींमध्ये बैठका चालायच्या. मी वर्गात चार दिवसांच्या इंग्रजी बातम्या वाटल्या आणि काम दिलं : तुम्ही रहिवासी संघाचे सचिव आहात, रहिवाशांना सूचनापत्र लिहा. बोअरवेल कोरड्या पडल्याचं सांगायला 'डिप्लीट' लागला, वापर कमी करायला 'कर्टेल', नियम पाळायला 'कॉम्प्लाय', कडकपणासाठी 'स्ट्रिंजंट'. हे शब्द कुणी पाठ केले नव्हते; गरज होती म्हणून ते आले, आणि पुढच्या महिन्यातल्या लिखाणात पुन्हा दिसले.

शब्द कळणं आणि त्याची सोबत कळणं यांत मोठं अंतर आहे. आपल्याकडे शंका येते, शपथ घेतात, वाट पाहतात. हे जोड कुणी शिकवले नाहीत, तरी आपण चुकत नाही. १९५० च्या दशकात लंडनचे जे. आर. फर्थ यांनी शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते हा विचार मांडला, आणि जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने लक्षावधी शब्दांचा मजकूर संगणकात भरून १९८७ साली 'कोबिल्ड' शब्दकोश काढला तो याच पायावर. अशा मजकुरांतून एक सुंदर गोष्ट उघड झाली. 'कॉज' या क्रियापदापुढे बहुतेक वेळा नुकसान, त्रास, मृत्यू असं वाईटच काहीतरी येतं. कोशात याचा अर्थ नुसता 'घडवून आणणं' असा असेल, तरी 'युवर टीम कॉज्ड अ बिग इम्प्रूव्हमेंट' असं लिहिलं की वाचणाऱ्याला खटकतं. आपणही मोहाला बळी पडतो, साथीला पडतो; यशाला पडत नाही. इंग्रजीतली अशी संगत वाचता वाचता कानात बसावी लागते. म्हणून मी कुणालाही सुटा शब्द वहीत लिहू देत नाही. ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहायचं, आणि खाली स्वतःच्या कामातलं एक.

मराठी माणसाकडे आणखी एक ठेवा आहे, आणि तो वापरला जात नाही याची मला खंत वाटते. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार या सगळ्यांत एकच धातू आहे हे आपल्याला शाळेत कळलेलं असतं. उपसर्ग बदलला की शब्द कुठल्या कुठे जातो, ही जाण आपल्यात मुरलेली आहे. इंग्रजीचे वरच्या थरातले शब्द लॅटिनमधून आले आणि त्यांची बांधणी अशीच आहे. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. 'इन्स्पेक्ट' आत पाहणं, 'रिट्रोस्पेक्ट' मागे, 'प्रॉस्पेक्ट' पुढे, 'सर्कम्स्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा. मात्र मुळावरून अर्थ ओळखायला जाऊ नये. आहार आणि संहार यांचे अर्थ 'हृ'वरून काढता येतील का? अर्थ आधी वाक्यातून घ्यावा. मूळ त्यानंतर, शब्द विसरू नये म्हणून.

वाचनाबद्दल माझं मत ठाम आहे : जग ओळखीचं असेल तिथून सुरुवात करावी. आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' १९३५ सालचं. त्यातली शाळा, आजी, क्रिकेट आपल्या घरातलं आहे, त्यामुळे अनोळखी शब्द आपसूक उलगडतो. त्याहून जवळचा रस्ता मराठी पुस्तकांच्या इंग्रजी अनुवादांचा. दया पवारांचं 'बलुतं' जेरी पिंटो यांनी इंग्रजीत नेलं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शांता गोखले यांनी. मूळ पुस्तक आणि अनुवाद शेजारी ठेवून एकेक परिच्छेद वाचला, तर मधल्या पट्ट्यातले शब्द पानोपानी सापडतात आणि त्यांचा सूरही कळतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून इंग्रजी मिळवलं होतं. प्रभूंच्या विचारांना मानणारे शिक्षक भाषांतराला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. प्रौढ माणसाच्या डोक्यात एक भाषा पूर्ण उभी असताना तिला दाराबाहेर थांबवून दुसरी शिकवणं हा अपव्यय आहे.

राहिली उजळणी. भेटलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटला नाही, तर जातोच. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात यासाठी कप्प्यांची पेटी सुचवली : आठवलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, विसरलं ते परत पहिल्यात. आज 'अँकी'सारखी अ‍ॅप्स हेच काम करतात. व्हाइटफील्डहून मेट्रोने रोज ये-जा करणाऱ्यांना याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

तीन हजार शब्द येत असतील तर आठ हजारांपर्यंत पाच हजारांचं अंतर आहे. रोज पाच शब्द धरले तर वर्षाला अठराशेच्या आसपास होतात. विसरण्याची गळती धरून साडेतीन-चार वर्षं. तीन महिन्यांत इंग्रजीवर प्रभुत्व, अशा जाहिराती इथे बसथांब्यांवर दिसतात. त्यांना भुलून पैसे भरलेली मुलं हिरमुसून माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. मग पहिल्या दिवसाची पाच वाक्यं आम्ही त्याच दिवशीच्या 'डेक्कन हेरल्ड'मधून एकत्र निवडतो.