वरचे सभागृह, खालचे सभागृह

महात्मा गांधी आणि हर्मन कॅलनबाख यांनी एकमेकांस ठेवलेली टोपणनावे ऐकून कोणासही हसू यावे. जोहान्सबर्गमधील हा सधन जर्मन ज्यू वास्तुविशारद ‘लोअर हाऊस’, आणि गांधीजी ‘अपर हाऊस’! ब्रिटिश पार्लमेंटचे भारदस्त शब्द दोन मित्रांनी असे घरगुती करून टाकले.

थट्टेमागचा हिशेब मात्र पक्का होता. पैसा खालच्या सभागृहाचा; टॉलस्टॉय फार्मची ११०० एकर जमीन १९१० मध्ये कॅलनबाख यांनीच वापरावयास दिली होती. खर्चावर अंकुश वरच्या सभागृहाचा. मौज अशी की, ऑगस्ट १९११ मध्ये लंडनच्या खऱ्या वरिष्ठ सभागृहाचा अर्थविधेयके रोखण्याचा अधिकार कायद्याने गेला. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, २९ जुलैला, या दोघांचा लेखी करार झाला. ‘लोअर हाऊस’ युरोपच्या प्रवासास निघाले होते. तिसऱ्या वर्गाने जावे, गरीब शेतकऱ्यास शोभेल त्याहून अधिक खर्च करू नये, या काळात विवाह करू नये, अशी कलमे. श्रावकांचे परिग्रह-परिमाण व्रत ते याहून वेगळे काय? भाषा तेवढी वकिलाची. श्रीमद् राजचंद्रांना मानणाऱ्या गांधीजींना ते सुचले यात नवल नाही.

सगळेच थट्टेवारी निभावत नसे. जुलै १९१४ मध्ये दोघे कस्तुरबांसह केपटाऊनहून बोटीने इंग्लंडला निघाले. कॅलनबाख यांना दुर्बिणींचा शौक. त्यावरून रोज चर्चा झडू लागली आणि अखेर सात पौंडांची ती वस्तू समुद्रात गेली. विकली असती तर पैसे सत्कारणी लागले असते, असे व्यापारी मनास वाटणारच. परंतु घेणाराही तिच्यातच गुंतून पडला असता.

इंग्लंड गाठेपर्यंत महायुद्ध पेटले. जर्मन म्हणून कॅलनबाख यांस हिंदुस्थानात येऊ दिले नाही. पुढे ते नजरकैदेत पडले. भेट झाली ती २३ वर्षांनी, १९३७ मध्ये. तेव्हा ते वर्ध्याजवळच्या सेगावातही राहिले. वरचे सभागृह आता मातीच्या कुटीत भरत होते. त्या गावाच्या नावाचाही घोटाळाच. सेगावचे टपाल शेगावला जाई, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. त्याआधी, १९३९ मध्ये, कॅलनबाख पुन्हा येऊन गेले. विवाह त्यांनी अखेरपर्यंत केला नाही.