चितळ शहरात का येते? माझ्या बांधीतली गोष्ट



मागच्या आठवड्यात सकाळी सहाला फोन आला. साकोलीच्या कडेला एका ले-आउटमध्ये चितळाची मादी भिंतीत अडकली, मागे चार-पाच कुत्रे. मी पोचलो तोवर जीव गेला होता. लोक म्हणत होते, आता हरणं शहरात राहायला आली.

मी गप्प होतो. त्याच रात्री दोन वाजता माझ्या उन्हाळी धानातून मी चितळांचा कळप हाकलला होता. टॉर्च, फटाके, सोबत कुत्रा. अन् मी उभा होतो जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यावर. मग ती पळणार कुठं? प्लॉटिंगकडेच. मेली ती त्यातलीच होती का, माहीत नाही. पण झोप लागली नाही.

विचार करा. चितळ हे दाट जंगलाचं नाही, जंगलाच्या कडेचं, गवताचं जनावर. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळते, बोड्या आटतात. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतो, ती आग पुढं सरकते अन् उरलंसुरलं गवत जाते. घाणेरी माजली तिथं गवत उगवतच नाही. अशा वेळी बोअरच्या पाण्यावरचं आपलं धान हिरवंगार दिसते. नागझिरा, नवेगाव, कोका मिळून २०१३ ला व्याघ्र प्रकल्प झाला, पण त्याची हद्द चितळाला कशी समजणार? पूर्वी मधात झुडपी जंगल होतं, तिथं ते दिवसा लपायचं. आता तिथं भिंती आहेत.

म्हणजे चितळ येते आपल्या वावरात. शहरात त्याला आपण अन् कुत्रे ढकलतो.

नुकसान माझंही झालं, दोन बांध्या तुडवल्या. त्यासाठी फोटो काढून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करा. हाकलायचं असेल तर जंगलाची बाजू मोकळी सोडा, कुत्रा बांधून ठेवा. तारेत करंट तर सोडूच नका, त्यात माणूसही मरते. वस्तीत चितळ दिसलं तर गर्दी करू नका, मागं धावू नका. धावून अन् भीतीनंही ते मरते. १९२६ वर फोन करा.

मी आता दुसऱ्या धुऱ्यावर उभा राहतो. तुमच्याकडे कसं हाकलता, लिहा.