परराष्ट्र खात्याचे शेवटचे टेबल

परराष्ट्र खाते म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते. उंच छताचे दालन, दोन देशांचे झेंडे आणि हस्तांदोलन करून छायाचित्रकाराकडे पाहणारे दोन हसरे गृहस्थ. खाली छापलेले असते, 'उभय देशांत सौहार्दपूर्ण चर्चा'. आपण पान उलटतो. आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसाला तर परराष्ट्र दूरच राहिले, परराज्यच रोज पुरून उरते. घरात मराठी, आठवडी बाजारात तेलुगू आणि जमिनीचे जुने कागद उर्दूत. अशा गावच्या शाळामास्तराचा परराष्ट्र खात्याशी संबंध तो काय, असे वाचकांना वाटेल. मलाही तसेच वाटत असे.

या खात्याची पहिली नीट ओळख मला दिल्लीत नव्हे, हैदराबादेत चिक्कडपल्लीला झाली. माझी धाकटी बहीण तिथे दिलेली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवस तिच्याकडे जाणे होते. चिक्कडपल्ली ही मोठी गंमतीची वस्ती आहे. एकीकडे त्यागराय गानसभेतले गाणे-बजावणे, दुसरीकडे आर.टी.सी. चौरस्त्यावरच्या सिनेमागृहांची गर्दी आणि मध्ये सिटी सेंट्रल लायब्ररी. शेजारचे अशोकनगर स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसनी भरलेले. लायब्ररीच्या आवारात सकाळपासून पोरे डबा घेऊन बसतात, ती दिवे लागल्यावरही हलत नाहीत. माझा भाचा त्यांतलाच एक. त्याने पसंतीच्या यादीत परराष्ट्र सेवा वर लिहिली होती, म्हणून मी सहज विचारले, "अरे, या खात्यात माणसे दिवसभर करतात तरी काय?"

"मामा, तुमच्या शाळेत करतात तेच. नोंदी ठेवतात," तो म्हणाला आणि वहीच्या मागच्या पानावर त्याने तक्ता काढला.

सर्वांत वर मंत्री. त्यांच्याखाली परराष्ट्र सचिव, आणि त्यांच्या जोडीला पूर्वेकडचे, पश्चिमेकडचे, दक्षिणेकडचे, आर्थिक संबंधांचे असे आणखी सचिव. पासपोर्ट, व्हिसा आणि परदेशातले भारतीय यांच्यासाठी एक सचिव वेगळेच. त्याखाली सहसचिवांचे विभाग. काही विभाग देशांप्रमाणे पाडलेले. पाकिस्तान, अफगाणिस्तान व इराण मिळून एक, बांगलादेश व म्यानमारचा एक, आखाती देशांचा स्वतंत्र. काही कामाप्रमाणे. राजशिष्टाचार, करार आणि कायदा, प्रसिद्धी वगैरे. आणखी खाली उतरले, की संचालक, उपसचिव आणि शेवटी अवर सचिवाचे टेबल. एखाद्या देशाची फाइल तिथून उठते, टिपणी लिहीत लिहीत वर चढते आणि तशीच खाली येते. बाहेर जगभर सुमारे दोनशे वकिलाती आणि वाणिज्य दूतावास पसरलेले आहेत. राष्ट्रकुलातल्या देशांत वकिलातीला उच्चायोग म्हणतात, एवढाच फरक. नवा अधिकारी तृतीय सचिव म्हणून जातो आणि आधी तिथली भाषा शिकतो. मंत्री बदलतात, राजदूत तीन-चार वर्षांनी हलतात, पण फाइल जागेवर असते. म्हणूनच खाते चालते.

हा तक्ता पाहताना मला चिक्कडपल्लीहून फारशी दूर नसलेली कोठीची जुनी रेसिडेन्सी आठवली. ईस्ट इंडिया कंपनीने १३ सप्टेंबर १७८३ रोजी फोर्ट विल्यममध्ये ठराव करून आपल्या 'गुप्त व राजकीय' कामांसाठी एक खाते काढले. आजच्या परराष्ट्र खात्याचे मूळ ते. पुढे देशी संस्थानांचा कारभारही त्याच्याकडेच राहिला. १९१४ साली त्याचे नाव 'परराष्ट्र व राजकीय खाते' झाले आणि १९३७ साली दोन्ही कामांची फारकत झाली. म्हणजे आमचे आजोबा नांदेड-परभणीत नांगर धरत होते, तेव्हा कलकत्ता-दिल्लीच्या दफ्तरात त्यांचा मुलूख परराष्ट्र खात्याकडे होता! कोठीच्या त्या भव्य वाड्यातला रेसिडेंट त्या खात्याचाच माणूस.

या मुलखाने स्वतःचे परराष्ट्र धोरण चालवू पाहण्याचा शेवटचा अंक १९४८ चा. निजाम सरकारचे मोईन नवाज जंग सुरक्षा परिषदेपुढे गेले, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये बाजू मांडली गेली आणि १७ सप्टेंबरला हैदराबादने शरणागती पत्करली. त्याच सप्टेंबरात निजाम सरकारचे सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. ती रक्कम कोणाची, याचा निकाल लंडनच्या न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला, भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने. तोवर व्याजासह साडेतीन कोटी पौंड झाले होते. राज्य गेले, वकील गेले, पण खतावणीतली एक ओळ एकाहत्तर वर्षे जिवंत राहिली.

असो. इतिहासात रमण्यासाठी मी हे लिहायला घेतलेले नाही. आमच्या भागातली माणसे आज या खात्याला भेटतात ती आखाताच्या वाटेवर. निजामाबाद-करीमनगरकडे तर घरटी एक माणूस तिकडे, आणि त्यांच्या सोयऱ्या-धायऱ्यांतून आमची पोरेही जातात. या वाटेवर १९८३ च्या कायद्याने एक नाके बसवले आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर सामान्यतः 'स्थलांतर तपासणी आवश्यक' असा शेरा पडतो. ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचे, तर त्याने 'प्रोटेक्टर' या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. असे एक कार्यालय हैदराबादेतही आहे. तिथे कामाचा करार, पगार, विमा आणि एजंटाची नोंदणी पाहिली जाते. २०१६ पासून हे सारे काम परराष्ट्र खात्याकडे आहे. दहावी झालेल्याला मात्र ही अट नाही. तो थेट विमानात बसतो.

शाळेत तीस वर्षे काढल्यावर या खात्याची एक रेघ आपल्या दहावीच्या निकालावरून जाते, हे मला भाच्याच्या वहीत कळले. आणि दोन वर्षांतच त्या रेघेवर आमचा एक माजी विद्यार्थी सापडला.

नववीतून शाळा सोडलेला मुलगा. कष्टाळू, गणितात कच्चा, कबड्डीत पक्का. एका एजंटाने त्याला सांगितले, "प्रोटेक्टरचा खटाटोप कशाला? व्हिजिटवर जा, तिथे काम लावून देतो." नाके चुकवून तो गेला. इमारतीच्या कामावर लागला. चार महिने पगार नाही. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेला, त्याची झेरॉक्स नाही, नंबर पाठ नाही. त्याचा भाऊ शाळेत येऊन माझ्यापुढे नुसता उभा राहिला. "सर, तुमचा भाचा काही करील का?" एवढेच म्हणाला.

भाच्याने खात्याच्या 'मदद' या व्यवस्थेवर तक्रार नोंदवली आणि त्या मुलाला वकिलातीत जाण्याचा रस्ता सांगितला. पासपोर्ट नसलेल्याला वकिलात परतीपुरता तात्पुरता दाखला देते, पण हा माणूस भारतीयच आहे, याची खात्री झाल्यावर. मग तक्त्यातल्या सगळ्या पायऱ्या हलल्या. वकिलातीने दिल्लीला विचारले, दिल्लीने राज्याला, राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने ठाण्याला. एके दिवशी भर दुपारी जमादार मोटारसायकलवरून शाळेत आले. "गुरुजी, या पोराचा उतारा पाहिजे."

आमच्या लिपिकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. धूळ झटकून पान उघडले. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, शाळा सोडल्याचे कारण. त्या कारणापुढे लिहिले होते, 'घरची अडचण'. प्रवेश-निर्गमाचा उतारा काढून मी सही-शिक्का केला. आवक-जावकला नोंद झाली. साडेपाच आठवड्यांनी मुलगा हैदराबादच्या विमानतळावर उतरला. पगार बुडाला तो बुडालाच.

त्या दिवसापासून आमच्या लिपिकांचे टेबल मला परराष्ट्र खात्याचे शेवटचे टेबल वाटते. हे फार काळ चालणार नाही, हेही मला ठाऊक आहे. २०२५ च्या सुधारित नियमांप्रमाणे १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म-दाखला चालेल. ती मुले मोठी होतील, तेव्हा शाळेच्या दाखल्याचे ते काम ग्रामपंचायतीच्या वा नगरपालिकेच्या जन्मनोंदीकडे गेलेले असेल. त्याचे मला दुःख नाही.

पण रेघेचे काय? दहावी न झालेल्या माणसाला सरकार जपू पाहते आणि झालेल्याला सोडून देते, कारण दहावी झालेला आपला करार स्वतः वाचील, असे ते गृहीत धरते. हे गृहीत आमच्या भरवशावर धरलेले आहे. पस्तीस टक्क्यांवर उत्तीर्ण झालेला आमचा मुलगा खरोखर करार वाचू शकतो का? आम्ही त्याला कवितेचे रसग्रहण शिकवले, सभेच्या वृत्तान्ताचे लेखन शिकवले. 'कामाचे तास', 'राहण्याची सोय', 'परतीचे तिकीट कोणाचे' हे कागदावर कुठे शोधायचे, ते कधी शिकवले नाही, कारण ते अभ्यासक्रमात नाही.

गेल्या दोन वर्षांपासून दहावीच्या वर्गाला दिवाळीनंतर एक तास मी स्वतः घेतो. नमुन्याचा करार वाटतो. पोरे आधी हसतात. मग प्रश्न सुरू होतात. एजंटाचा नोंदणी क्रमांक कुठे असतो? तो जास्तीत जास्त किती पैसे घेऊ शकतो? तीस हजार आणि त्यावरचा कर, हे ऐकल्यावर मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, माझ्या चुलत्यानं तर एक लाख दिले." वर्ग शांत झाला. मी त्याला तेच कलम मोठ्याने वाचायला सांगितले. अडखळत वाचले त्याने, पण शेवटपर्यंत वाचले.