लोणचं घेऊ का?

फ्रीलान्सरला ऑफिस नसतं, पण ‘पहिला दिवस’ मात्र दर दोन महिन्यांनी असतो! परवाही होता. लंचला सगळ्यांचे डबे एकत्र उघडले आणि मी कोपऱ्यात मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले. सॉलिड एकटं वाटलं.

घरी येऊन वेस्टन मॅकेनीच्या जुन्या मॅचेस लावल्या. हा अमेरिकन मिडफिल्डर ऑगस्ट 2020 मध्ये जर्मनीच्या शाल्केतून इटलीच्या युव्हेंटसमध्ये आला. वय 22. देश नवा, भाषा नवी, टीममध्ये रोनाल्डो आणि कोच साक्षात पिर्लो, म्हणजे मिडफिल्डमधला बापमाणूस! टेन्शन यायला आणखी काय हवं? पण डिसेंबरमध्ये पठ्ठ्याने तोरिनोविरुद्ध हेडरने बरोबरी साधून दिली आणि तीनच दिवसांनी बार्सिलोनाच्या मैदानावर गोल ठोकला.

स्टोरी इथे संपत नाही. 2023 मध्ये तो लोनवर लीड्सला गेला, तर ती टीमच खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. परत आला, तर क्लब त्याला विकणार अशा बातम्या. म्हणजे जुन्याच ऑफिसात पुन्हा पहिला दिवस! तो मिळेल त्या जागी खेळत राहिला आणि मे 2024 मध्ये त्याच टीमबरोबर कोप्पा इटालिया जिंकला.

मिडफिल्डरने बॉल मागायचाच असतो. तो लपला, तर टीम दहाचीच.

दुसऱ्या दिवशी लंचला मी डबा टेबलाच्या मध्यभागी सरकवला. शेजारणीला विचारलं, “तुमचं लोणचं घेऊ का जरा?”

“अगं, ‘तुमचं’ काय? घे की!”

पास मिळाला.